'स्लीपिंग ब्यूटी' बॅले पहिल्यांदा पडद्यावर बघणाऱ्यांसाठी

बॅले बघायची इच्छा बऱ्याच जणांना असते, पण सुरुवात फसते. यूट्यूबवर तीन मिनिटांची क्लिप बघून माणूस भारावतो, मग हौसेने अख्खा प्रयोग लावतो आणि चाळिसाव्या मिनिटाला मोबाइल चाळायला लागतो. त्यात त्याचा काही दोष नाही. सव्वादोन तासांचा, एकही शब्द नसलेला प्रयोग कसा बघायचा हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी नाचणाऱ्यांपैकी नाही, नुसती बघणारी आहे. बघता बघता जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

उदाहरणाला 'द स्लीपिंग ब्यूटी' घेतला आहे. संगीत चायकोव्हस्कीचं, नृत्यरचना मारियस पेतिपाची, पहिला प्रयोग १५ जानेवारी १८९० रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरमध्ये. मूळ कल्पना तिथल्या शाही रंगभूमीचे संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की यांची. त्यांनी वेशभूषेची चित्रंही स्वतः काढली. गोष्ट शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या परीकथांमधली: राजकन्येचं बारसं, आमंत्रण न मिळालेली परी, तिचा शाप, शंभर वर्षांची झोप, शेवटी राजपुत्र. पेरोच्या कथेत लग्नानंतर राजपुत्राची राक्षसीण आई सुनेला आणि नातवंडांना खायला निघते. बॅलेने तो भाग सरळ गाळला आहे. आपल्याला ठाऊक असलेली तेवढीच गोष्ट इथे आहे, म्हणूनच नवख्यांना मी 'स्वान लेक'च्या आधी हा बॅले सुचवते.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. इथे कथानक थोडं आहे आणि नाच भरपूर. तिसऱ्या अंकात तर गोष्टच उरलेली नसते, फक्त लग्नाचा समारंभ असतो. 'पुढे काय होणार' या उत्सुकतेवर बसलात तर कंटाळा ठरलेला. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथानक दाराशी थांबून राहायचं, आणि पद रंगलं तर प्रेक्षक वन्स मोअर देऊन त्याला आणखी थांबवून ठेवायचे. इथे नाचाचं तसंच आहे. थांबणं हा बेत आहे, ढिसाळपणा नाही.

१. आधी कोणतं चित्रण बघायचं ते ठरवा

'स्लीपिंग ब्यूटी' नावाने शोधलंत की सगळा बाजार समोर येतो. त्यात डिस्नेचा १९५९ सालचा कार्टूनपट असतो. त्यात चायकोव्हस्कीचंच संगीत फिरवून वापरलं आहे, पण तो बॅले नाही. मॅथ्यू बोर्नचा २०१२ सालचा प्रयोग असतो. त्याची गोष्ट १८९० मध्ये सुरू होते, त्यात रक्तपिपासू पऱ्या आहेत आणि तान्ही ऑरोरा, म्हणजे आपली राजकन्या, ही एक कळसूत्री बाहुली आहे. धमाल आहे, पण पेतिपाची नृत्यरचना त्यात नाही. स्वीडिश नृत्यरचनाकार मॅट्स एक यांचा १९९६ सालचा प्रयोगही असतो, त्यात राजकन्येला टोचते ती अमली पदार्थाची सुई. मूळ बॅले एकदा नीट बघितल्यावर या दोघांची खरी मजा येते, आधी नाही.

पहिल्यांदा बघायला मी लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रयोग सांगते. कारण सरळ आहे: त्यांनी जुने मूकाभिनयाचे प्रसंग राखले आहेत, त्यामुळे गोष्ट कळते. रशियात सोव्हिएत काळात कोन्स्तान्तिन सेर्गेयेव्हने १९५२ मध्ये बसवलेल्या प्रयोगात मूकाभिनय बराच कमी करून त्या जागी नाच आणला गेला. नाच देखणा आहे, पण शाप नेमका काय दिला हे नवख्याला उमगत नाही.

या लंडनच्या प्रयोगालाही इतिहास आहे. निकोलाय सेर्गेयेव्ह (वरच्या कोन्स्तान्तिनहून वेगळा, मारिइन्स्कीतला जुना माणूस) रशियातून बाहेर पडला तेव्हा पेतिपाच्या बॅलेंची नृत्यलिपीत उतरवलेली टिपणं त्याने सोबत आणली. ती टिपणं आज हार्वर्डमध्ये आहेत. त्यांच्या आधाराने १९३९ मध्ये हा बॅले लंडनमध्ये उभा राहिला. युद्धाच्या काळात कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसमध्ये लोकांसाठी डान्स हॉल चालत असे. २० फेब्रुवारी १९४६ ला ते नाट्यगृह पुन्हा उघडलं ते याच बॅलेने, मार्गो फाँटेन ऑरोराच्या भूमिकेत होती. नेपथ्य आणि वेशभूषा ऑलिव्हर मेसेल यांची. दुष्ट परी आणि राजपुत्र या दोन्ही भूमिका त्या रात्री रॉबर्ट हेल्पमननेच केल्या. कंपनीला ७५ वर्षं झाली तेव्हा, २००६ मध्ये, मोनिका मेसन आणि ख्रिस्तोफर न्यूटन यांनी तोच प्रयोग पुन्हा बसवला, आणि आज आपण बघतो ती चित्रणं त्याचीच आहेत.

त्यातली तीन लक्षात ठेवा:

- २००६: अलिना कोजोकारू आणि फेदेरिको बोनेल्ली. कोजोकारूची ऑरोरा खरोखरच सोळा वर्षांची वाटते.
- २०१७: मारियानेला नुन्येझ आणि वादिम मुंतागिरोव्ह. तंत्राच्या दृष्टीने सगळ्यात निर्धास्त. पहिल्यांदा बघणाऱ्याने हेच घ्यावं असं माझं मत.
- २०२०: फुमी कानेको आणि बोनेल्ली. थेट प्रक्षेपण ठरलं होतं लॉरेन कथबर्टसनचं, पण तिला दुखापत झाली आणि कानेको उभी राहिली. हे माहीत असलं की पहिल्या प्रवेशाला आपलेही हात घट्ट आवळले जातात.

२. जमवाजमव

कागदपत्रांची भानगड फारशी नाही, पण पुढच्या गोष्टी आधी तयार ठेवा:

- परदेशी व्यवहार चालू केलेलं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करावी लागतात. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी हेच तपासा.
- ओटीपी येणारा मोबाइल आणि रोज उघडला जाणारा ईमेल. सबस्क्रिप्शन संपण्याच्या सूचना त्यावरच येतात.
- लॅपटॉप टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल. मोबाइलवर बॅले बघू नका. २४ जणींची रांग सहा इंचांत मावत नाही.
- तारेने जोडलेले स्पीकर किंवा हेडफोन. तारेचेच का, ते पाचव्या पायरीत सांगते.
- कलाकारांची यादी आणि कथासार. दोन्ही आधी वाचून हाताशी ठेवा.

३. कुठे मिळेल, आणि पैसे भरताना काय बघायचं

कॉव्हेंट गार्डनच्या संस्थेची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा आहे. संस्थेचं नाव २०२४ मध्ये बदललं: आधी रॉयल ऑपेरा हाउस, आता रॉयल बॅले अँड ऑपेरा. जुन्या लेखांत जुनं नाव सापडेल, गोंधळू नका. आणि भारतात बसून 'रॉयल ऑपेरा हाउस' असं शोधलंत तर पहिल्यांदा आपलं गिरगावातलं नाट्यगृह समोर येण्याची शक्यता दाट आहे. ते सुंदर आहे, पण ते वेगळं. याशिवाय मार्की टीव्ही आणि मेदिची या सेवांवरही बॅले असतात. कुठल्या देशात काय दिसतं याची यादी प्रत्येक सेवेवर बदलते, म्हणून पैसे भरायच्या आधी त्यांच्या पानावर तुम्हाला हवं ते चित्रण, हव्या त्या कलाकारांसह, खरंच आहे का ते शोधून बघा. नुसतं 'स्लीपिंग ब्यूटी' दिसलं म्हणून भरू नका.

मोफत चाचणी घेतलीत तर त्याच मिनिटाला कॅलेंडरमध्ये ती संपायच्या आदल्या दिवसाची नोंद टाका. या सेवा आपोआप नूतनीकरण करतात, आणि वर्षभराचे पैसे एकदम गेले की परत मिळवताना ईमेल लिहून लिहून जीव जातो.

थेट प्रक्षेपण असेल तर वेळ नीट मोजा. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिथला संध्याकाळी सव्वासातचा प्रयोग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री पाऊण वाजता सुरू होतो, म्हणजे तारीखही बदलते. नोकरदाराने नंतरचं रेकॉर्डिंगच बघावं.

डिस्क घेणार असाल तर रीजन बघा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये आहे, ब्लू-रेसाठी रीजन सी मध्ये. वेष्टनावर 'सर्व रीजन' किंवा ० लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. मुंबईकरांनी एनसीपीएच्या कार्यक्रमपत्रिकेवर नजर ठेवावी. परदेशी रंगमंचावरच्या चित्रित प्रयोगांचे खेळ तिथे होत असतात, आणि मोठ्या पडद्याची सर टीव्हीला नाही. लंडन-बर्मिंगहॅमकडच्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे. कॉव्हेंट गार्डनचे प्रयोग जवळच्या चित्रपटगृहात दाखवले जातात, तिकीट काढा आणि जा.

यूट्यूबवरच्या चोरून चढवलेल्या प्रतींच्या नादी लागू नका. हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यांत कडा कापलेल्या असतात, कलाकारांची नावं बऱ्याचदा चुकीची असतात, आणि पकडलं जाऊ नये म्हणून वेगही किंचित वाढवलेला असतो. बॅलेत वेग बिघडला की सगळंच बिघडतं.

४. पात्रं ओळखून घ्या

राजा फ्लोरेस्टन चोविसावा, त्याची राणी, मुलगी ऑरोरा. कॅराबॉस ही बोलवायची राहून गेलेली परी. लायलॅक ही शाप सौम्य करणारी परी. राजपुत्राचं नाव मात्र प्रयोगागणिक बदलतं: लंडनला तो फ्लोरिमुंड, पॅरिस आणि मॉस्कोत देझिरे. माणूस एकच. पऱ्यांची नावंही बदलतात. पेतिपाच्या मूळ यादीत एक परी पावाचे कण पाडणारी आहे, कारण रशियात तान्ह्या बाळाच्या पाळण्यात पावाचा चुरा टाकायची रीत होती. लंडनला त्याच नाचाला वनराईच्या परीचं नाव आहे.

कॅराबॉस कधी बाई करते, कधी पुरुष. १८९० मध्ये ती भूमिका एन्रिको चेक्केत्ती या इटालियन नर्तकाने केली आणि तिसऱ्या अंकात तोच निळा पक्षी होऊन उडाला. तेव्हा कॅराबॉसच्या झग्यात दाढीचे खुंट दिसले तर दचकू नका.

५. टीव्ही आणि आवाज बसवून घ्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग प्रयोगाला नावं ठेवतात. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज चित्राच्या किंचित मागे पडतो. गप्पांच्या मालिकेत ते खपून जातं, पण इथे पाऊल टेकतं आधी आणि झांजा वाजतात नंतर. नर्तकी बेतालच आहे असा ग्रह होतो. म्हणून तारेचा स्पीकर.

जुनी चित्रणं चौकोनी चौकटीतली असतात. टीव्ही ती आपोआप ताणून पडदाभर करतो आणि सगळ्या पऱ्या बुटक्या-जाड दिसायला लागतात. चित्राचं प्रमाण 'मूळ' वर ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्या. आणि बुटांचा ठक-ठक आवाज आला तर तो रेकॉर्डिंगचा दोष समजू नका. त्या सॅटिनच्या बुटाचं टोक कापड आणि गोंदाच्या थरांनी टणक केलेलं असतं, ते लाकडी रंगमंचावर वाजणारच.

६. सात-आठ खुणा पाठ करा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा. प्रस्तावनेच्या अंकात कॅराबॉस आणि लायलॅक हातांनी अक्षरशः बोलतात. या खुणा ठरलेल्या आहेत:

- डोक्यावर मुकुटाच्या जागी बोटं: राजा, राणी किंवा राजपुत्र
- चेहऱ्याभोवती हात फिरवणं: सुंदर
- दोन्ही हात छातीवर: प्रेम
- डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाकडे खूण: लग्न
- डोक्याच्या वर हात एकमेकांभोवती फिरवणं: नाच
- मुठी वळून मनगटांवर हात एकमेकांना छेदून खाली आणणं: मृत्यू
- जोडलेल्या तळव्यांवर गाल टेकणं: झोप
- दोन बोटं वर: शपथ

आता कॅराबॉस काय करते ते बघा. आधी सगळ्यांना गप्प करते: ऐका. मग तळहात जमिनीजवळ धरून टप्प्याटप्प्याने वर नेते, म्हणजे ही मुलगी मोठी होईल. चेहऱ्याभोवती हात: सुंदर होईल. मग एका हाताचं बोट दुसऱ्या हातात खुपसते, म्हणजे चाती टोचेल. आणि शेवटी त्या दोन मुठी एकमेकांवर येतात. ऑर्केस्ट्रा त्या क्षणी अंगावर येतो. मग लायलॅक पुढे होते आणि तीच वाक्यं त्याच क्रमाने, पण मऊ हातांनी म्हणते: मोठी होईल, सुंदर होईल, टोचेल, पण... आणि मुठींच्या जागी गाल तळव्यांवर टेकतो. मग दूरवर हात करून राजपुत्र, आणि चुंबन. खुणा माहीत असल्या की हा सगळा प्रसंग स्वच्छ वाचता येतो. नसल्या तर दोन बायका हातवारे करताहेत एवढंच दिसतं.

(चुंबन पेरोच्या कथेत नाही. तिथे राजपुत्र तिच्याजवळ गुडघे टेकतो आणि शंभर वर्षं भरल्यामुळे ती जागी होते. चुंबनाने जागी होणारी राजकन्या ग्रिम बंधूंची.)

७. पडदा उघडण्याआधीची मिनिटं ढकलून पुढे जाऊ नका

सुरुवातीला पडद्यावर फक्त ऑर्केस्ट्रा दिसतो, त्यामुळे हात आपोआप रिमोटकडे जातो. आवरा. तिथे दोन सुरावटी येतात. पहिली आदळआपट करणारी, चिडलेली, ती कॅराबॉस. लगेच मागून कोर आंग्ले या काळसर आवाजाच्या सुषिर वाद्यावर शांत सुरावट येते, ती लायलॅक. पुढे दोन तास जेव्हा जेव्हा या दोघींपैकी कोणी येते, तेव्हा संगीत आधी वर्दी देतं. पहिल्या अंकात ऑरोरा चाती हातात घेऊन नाचायला लागते तेव्हा कान उघडे ठेवा.

पेतिपाने चायकोव्हस्कीला कुठल्या प्रसंगाला किती मात्रा, कुठला ताल, कसा भाव, याची बारीक यादीच दिली होती. असल्या मागणीबरहुकूम कामातून इतकं मोकळं संगीत निघावं याचं मला आजही नवल वाटतं. झारने रंगीत तालमीला 'छान आहे' एवढंच म्हटलं, ते चायकोव्हस्कीला लागलं असावं, कारण त्याने डायरीत ते नोंदवून पुढे उद्गारचिन्हांची रांग घातली आहे.

प्रस्तावनेत पऱ्या एकेक करून बाळाला गुण देतात. प्रत्येकीचा नाच मिनिटभराचा. सगळ्या सारख्याच वाटत असतील तर दोघींवर लक्ष ठेवा. गाणाऱ्या पक्ष्याच्या परीला पिकोलो या छोट्या बासरीची किलबिल आहे आणि तिची बोटं सतत फडफडतात. दुसरी ताठ तर्जनी रोखून हवेत भोसकल्यासारखी नाचते. या दोघी कळल्या की बाकीच्यांमधला फरक आपोआप दिसायला लागतो.

८. गुलाबांचा अदाजिओ: पाय बघा, चेहरा नंतर

पहिल्या अंकात ऑरोराचा सोळावा वाढदिवस. फुलांच्या हारांचा वॉल्ट्झ संपला की ती धावत येते आणि लगेच, दम घ्यायच्या आत, सगळ्या बॅलेतला सर्वांत अवघड भाग, म्हणजे हा अदाजिओ (संथ लयीतला नाच), सुरू होतो. चार देशांचे चार राजपुत्र मागणी घालायला आले आहेत, प्रत्येक जण तिला गुलाब देतो.

शेवटच्या भागात ती एका पायाच्या टोकावर उभी राहते, दुसरा पाय मागे गुडघ्यात वाकवून उचललेला. पहिला राजपुत्र तिचा हात धरून तिच्याभोवती पूर्ण फेरी मारतो, तीही त्याच्यासोबत टोकावरच फिरते. फेरी संपते. तो हात सोडतो. ती तो हात डोक्यावर नेते आणि काही क्षण कोणाच्याही आधाराशिवाय उभी राहते. मग हात खाली येतो, दुसऱ्या राजपुत्राच्या हातात जातो आणि पुन्हा फेरी. असं चार वेळा. आणि तेवढा वेळ ऑर्केस्ट्रा चढतच जातो.

इथे बघायचं ते टेकलेल्या पायाचा घोटा. तो अगदी बारीक थरथरत असतो, सगळा तोल तिथे सांभाळला जात असतो. मग राजपुत्राचा हात बघा. नर्तकी निवांत असेल तर ती त्याच्या बोटांवर नुसती बोटं ठेवते. घाबरलेली असेल तर मनगट पकडते. वाईट दिग्दर्शक नेमका याच वेळी कॅमेरा चेहऱ्यावर नेतो. २०१७ च्या चित्रणात पाय दिसतात.

एक सावधगिरी. या काही सेकंदांवरून ऑरोराची परीक्षा करू नका. कोण किती वेळ उभी राहिली याच्या तुलना करणारे लोक इंटरनेटवर पुष्कळ आहेत, त्यांच्या नादाने बॅलेची शर्यत होऊन जाते. त्यापेक्षा चाती टोचल्यानंतर ती आईवडिलांना 'काही झालं नाही मला' असं कसं भासवते ते बघा. कोजोकारू तिथे फार मोठी आहे.

९. दुसरा अंक: वेळ बदलली आहे

शंभर वर्षं गेली. शिकारीला आलेल्या लोकांचे कपडे आधीच्या दरबारापेक्षा वेगळे दिसतील, ते मुद्दाम. सुरुवातीचा शिकारीचा भाग रेंगाळतो, चहा करायचा असेल तर आत्ताच करून घ्या. पण लायलॅक येते तेव्हा जागेवर असा.

ती राजपुत्राला ऑरोरा दाखवते, म्हणजे तिचा आभास दाखवते. पुष्कळ नवखे इथे गोंधळतात: झोपली होती ना, मग नाचते कशी? ही ती नाही, लायलॅकने उभं केलेलं चित्र आहे. म्हणून राजपुत्र हात पुढे करतो आणि वनदेवता मध्ये येतात, ती निसटते. त्यानंतर राजपुत्र आणि लायलॅक होडीत बसून महालाकडे निघतात. संगीत तेव्हा पाण्यासारखं वाहतं. १८९० मध्ये इथे रंगवलेलं लांबलचक दृश्य मागून सरकवलं जात असे.

या प्रवासानंतर व्हायोलिनचा एक मोठा भाग लिहिलेला होता, लिओपोल्ड आउअर या व्हायोलिनवादकाने वाजवावा म्हणून. तो पहिल्या प्रयोगाआधीच गाळला गेला. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनने तो पुढे १९५४ मध्ये आपल्या 'नटक्रॅकर'मध्ये घातला. कुठे ऐकल्यासारखा वाटला तर तो तिथला.

१०. लग्न: सुटी सुटी गाणी ऐकावीत तसं बघा

आता गोष्ट संपली आहे. लग्नाला परीकथांतली पाहुणेमंडळी येतात. सलग बघायचा कंटाळा आला तर हा अंक दुसऱ्या दिवशी बघा, काही बिघडत नाही. तीन जागा मात्र सोडू नका.

बूट घातलेला बोका आणि पांढरी मांजर: ओबो आणि बासून ही सुषिर वाद्यं चक्क म्याव करतात. निळा पक्षी आणि राजकन्या फ्लोरिन: ही जोडी मादाम दोल्न्वाच्या कथेतली. निळा पक्षी हवेत असतानाच पाय एकमेकांवर आपटतो, धड कधी पुढे झोकून तर कधी मागे झोकून, आणि रंगमंचाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. फ्लोरिन कानाशी हात नेऊन त्याची हाक ऐकते, ते विसरू नका. आणि शेवटी ऑरोरा-फ्लोरिमुंडचं युगुलनृत्य. त्यात तो तिला फिरवता फिरवता एकदम खाली झोकवतो आणि तिचं डोकं जमिनीपासून वीतभर उरतं, दोघांचेही हात मोकळे. ही झेप १८९० ची नाही, रशियन निर्माता दियागिलेव्हच्या १९२१ सालच्या लंडनच्या प्रयोगापासून रूढ झाली असं मानतात.

११. घरात मुलं असतील तर

उलट क्रमाने दाखवा. आधी बोका-मांजर, मग लाल टोपीवाली आणि लांडगा, मग हारांचा वॉल्ट्झ. तो डिस्नेमुळे मुलांच्या कानावरून गेलेला असतो. कॅराबॉस मात्र शेवटी. ती काळ्या रथातून, उंदरांच्या लवाजम्यासह येते आणि चार-पाच वर्षांच्या पोरांना खरंच भीती वाटते. माझी भाची मध्येच उशीमागून विचारायची, "मावशी, गेली का ती?" सात-आठ वर्षांनंतर हरकत नाही. आणि अख्खा प्रयोग एका बैठकीत बघायचा आग्रह मुलांना करू नका, मोठ्यांनाही नको.

१२. दुसरं चित्रण कधी आणि कोणतं

लंडनचं एक चित्रण दोनदा बघून झालं की मगच दुसरीकडे वळा. पहिल्या खेपेला डोळे गोष्टीवर असतात, दुसऱ्या खेपेला मागच्या रांगेतल्या नर्तकी दिसायला लागतात.

मॉस्कोच्या बोलशोई नाट्यगृहाचं २०११ चं चित्रण डोळे दिपवतं. दुरुस्तीनंतर नाट्यगृह नुकतंच उघडलं होतं, नृत्यरचना युरी ग्रिगोरोविचची, भूमिकांत स्वेतलाना झाखारोवा आणि अमेरिकन डेव्हिड हॉलबर्ग. पॅरिसचं नुरेयेव्ह यांनी बसवलेलं, ओरेली द्यूपाँ आणि मॅन्युएल लग्री यांचं चित्रण राजपुत्राला सर्वांत जास्त नाचवतं. दुसरा अंक रेंगाळतो ही माझी तक्रार तिथे टिकत नाही.

पण मी आधी १९६४ चा किरोव्हचा (मारिइन्स्कीचं सोव्हिएत काळातलं नाव) चित्रपट बघायला सांगेन. तो प्रेक्षकांसमोरचा प्रयोग नाही, सिनेमासारखा रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे, आणि लांबीही बरीच आटोपशीर आहे. मूकाभिनय कमी, पण तोवर तुम्हाला गोष्ट पाठ झालेली असेल. अल्ला सिझोवा ऑरोरा, युरी सोलोव्योव्ह राजपुत्र. सोलोव्योव्ह उडी मारून वर गेला की खाली यायला वेळ लावतो. नताल्या दुदिन्स्काया कॅराबॉस झाली आहे. फ्लोरिनच्या भूमिकेत एक तरुण मुलगी दिसेल, ती नताल्या माकारोवा. १९७० मध्ये ती लंडनच्या दौऱ्यातून रशियाला परत गेलीच नाही, आणि २००३ मध्ये रॉयल बॅलेसाठी हाच बॅले तिने बसवला. तो तीन वर्षंच टिकला. २००६ मध्ये त्याच्या जागी आला तो मेसेलच्या नेपथ्याचा प्रयोग, म्हणजे तुम्ही आधी बघितलेला.